तारेला बांधलेला बिब्बा

ये गं माय, अशी जवळ बस. आणि आधी ऐकून घे, कारण रागावणार आहे मी तुला. फोनवर माझा चेहरा थांबला की "आजी अटकली" म्हणून हसायचं, लाल बटन दाबायचं आणि लगेच वणीच्या आजीला फोन लावायचा, हे काही बरं नाही. दोन मिनिटं थांबावं माणसानं. अटकलेली आजी सुटते पुन्हा.

तुला हसू येत होतं, मला काय होत होतं ते आता सांगते. मोठी झालीस की हे पत्र नीट वाच.

आमच्या दारव्ह्याच्या घरी इंटरनेट आलं ते तुझ्यासाठी. तुझ्या आबांना पेपर पुरतो, मला शेजारपाजार पुरतो. पण तू तिकडे बंगळुरात, तुझं तोंड रोज पाहायला मिळावं म्हणून तुझ्या बाबानं केबलवाल्या भाऊंना सांगून ती बारीक तार घरात आणवली. समोरच्या खोलीच्या खिडकीतून ती आत आली, भिंतीच्या कडेनं कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत गेली आणि तिथं तो दिव्यांचा डबा बसला. रोज संध्याकाळी सात वाजता तू मला पहिला फोन लावायचीस, मग वणीला. पहिला मला. हे माझं शेजारच्या चार घरी सांगून झालं होतं.

पहिला महिना इतका साफ गेला की तुझ्या दातातली फट मोजता येत होती.

मग विहीणबाई आल्या, म्हणजे तुझी वणीची आजी. यवतमाळला कुणाचं लग्न होतं, तिथून आमच्याकडे एक रात्र थांबल्या. सातला तुझा फोन आला, त्यांनी पाहिलं, आणि पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "किती साफ दिसून राह्यली हो पोरगी तुमच्याकडं. आमच्याकडं तर धुक्यातून पाहल्यासारखं."

एवढंच म्हणाल्या. पण ते म्हणताना त्यांनी डब्याकडे जे पाहिलं, ते मला आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी सुटल्यावर मी स्वयंपाकघरातल्या फडताळातून एक बिब्बा काढला. लहान लेकराच्या गळ्यात नजर लागू नये म्हणून बांधतात ना, तोच. तू पाच महिन्यांची होतीस तेव्हा तुझ्याही गळ्यात होता, तुझ्या आईनं काढून ठेवला ती गोष्ट वेगळी. तो काळ्या दोऱ्यात ओवला आणि खिडकीशी, जिथं तार घरात शिरते तिथं, घट्ट बांधला. वरून पडदा ओढला. आबांना असलं काही दिसलं की ते दिवसभर थट्टा करतात.

आणि त्याच आठवड्यात लाइन तुटायला लागली.

मी म्हटलं, पाहा, नजर लागलीच होती. बिब्बा होता म्हणून थोडक्यात निभावलं, नाही तर पूर्णच गेलं असतं. म्हणून मी दोऱ्याला आणखी एक गाठ मारली आणि आवळली.

मग काय सांगू. सात वाजले की मी खुर्ची ओढून डब्याजवळ बसायची, खिडकीला पाठ लावून. जवळ बसलं की जास्त येत असेल असं मला वाटे. तू बोलायला लागलीस की दोन-तीन मिनिटांत डब्यावरचा हिरवा दिवा जायचा, लाल लुकलुकायचा आणि तुझं तोंड अर्धवट उघडं राहायचं. जितकी लाइन तुटे, तितकी मी खुर्ची मागं भिंतीला भिडवून बसे.

मी तुला कापसाच्या गंजीत घर करणाऱ्या खारीची गोष्ट सांगत होते, आठवते का? नाही आठवणार. खार गंजीत शिरली आणि लाइन गेली. चार दिवस खार गंजीतच होती. तिकडे वणीच्या आजीची मांजर मात्र कोळशाच्या ट्रकवर बसून चंद्रपूरला जाऊन आली, काळी होऊन आली, तिला आंघोळ घातली, सगळं झालं. तूच मला सांगत होतीस, हात हलवून, डोळे मोठे करून. मी "हो का, हो का" म्हणत होते आणि मनात त्या मांजरीला ट्रकवरून खाली ढकलत होते.

हसू नको. खरं तेच लिहिते आहे.

केबलवाले भाऊ दोनदा आले. दोन्हीदा भरदुपारी. तेव्हा खुर्ची जेवायच्या टेबलाशी असते आणि दिवा हिरवागार. त्यांनी डबा बदलून दिला, डब्याशी तार उपसून पुसून पुन्हा लावली, म्हणाले, "काकू, थोडी कमजोर आहे, पण चालून राह्यली." आबा म्हणाले, बंद करून तीस आकडे मोजायचे आणि मग चालू करायचं. मी मोजले. शंभरसुद्धा मोजले. संध्याकाळी सातला पुन्हा लाल.

शेवटी तुझ्या बाबाचा फोन आला, साधा. म्हणाला, "आई, रोज अशी धडपड कायले? पोरगी कंटाळते. वणीला रोज लावू, तुले रविवारी निवांत लावत जाऊ."

मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच कढई घासली. आठवड्यातून एकदा. तू सहा वर्षांची. आठवड्यातून एकदा दिसणारी आजी म्हणजे पाहुणी की गं. आणि मांजरवाली रोज.

मग जे मला सगळ्यात नको होतं ते मी केलं. वणीला फोन लावला. त्यांचं घर मोठ्या रस्त्यावर आहे, ट्रक जाता-येता त्यांची तार दोनदा तोडून गेले होते, आणि त्यातून त्यांना या तारेचं सगळं कळायला लागलं होतं, हे तूच मला सांगितलं होतंस. मी नुसतं म्हटलं, लाइन टिकत नाही, तुम्हाला काही ठाऊक असेल तर सांगा. वाटलं, टाळतील. मी असते तर टाळलं असतं.

त्यांनी पहिलं विचारलं, लाल दिवा कधी लागतो. मी म्हटलं, सातला, पोरगी बोलायला लागली की. त्या म्हणाल्या, आत्ताच तसं बसा. मी बसले. दोन मिनिटांत लाल. म्हणाल्या, उठा. उठले. थोड्या वेळानं हिरवा. त्यांच्या मागं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, तीन झाल्या, चार झाल्या, पण बाईनं फोन ठेवला नाही.

"आता तारेवर हात फिरवत या," त्या म्हणाल्या. "डब्यापासून खिडकीवरी. आतून काच असते तिच्यात, उजेड जाते. कुठं मुरडली, दबली, की उजेड अडते. तुमच्या खुर्चीमागंच असन कुठं तरी."

मी हात फिरवत निघाले, पण मला आता हात फिरवायची गरज नव्हती. पडदा सारला. दोऱ्याच्या दोन गाठींखाली तार अशी वाकली होती, जशी माझी करंगळी, आणि खुर्चीची पाठ बरोबर बिब्ब्यावर टेकत होती. कात्री आणून दोरा कापला. खुर्चीत बसून पाहिलं. हिरवा. पाठ दाबून पाहिली. तरी हिरवा.

"सापडलं काय?" विहीणबाईंनी विचारलं.

खिळा होता असं म्हणता आलं असतं. पण तिकडे पाचवी शिट्टी झाली, भाताचा लगदा झाला असणार, आणि माझ्या तोंडून खोटं निघेना.

"बिब्बा होता," मी म्हटलं. "मीच बांधला होता."

"कोणाची नजर वाटली तुमाले?"

"तुमचीच."

मी फोन कानाला लावून उभी. मग त्या म्हणाल्या, "लागलीच असन मग. तुमच्याकडून आली आणि दोन दिवस जेवन गोड लागलं नाई मले. पोरगी पहिले तुमाले लावते ना."

मग आम्ही दोघी थोडं हसलो. फार नाही. त्या कुकर बंद करायला गेल्या.

त्या संध्याकाळी तुझ्या बाबाला मीच सांगून तुला फोन लावायला लावलं. पूर्ण पंधरा मिनिटं दिवा हिरवा राहिला. खार गंजीतून बाहेर आली. तू ऐकलंस, जांभई दिलीस आणि विचारलंस, "आजी, मांजरीचं पुढं काय झालं ते तुला ठाऊक आहे का?"

मी म्हटलं, नाही बाई, ते वणीलाच विचार. जीव जळला. आता बिब्बा नाही बांधला, पण जळला, लपवत नाही.

म्हणून म्हणते, शाळेला सुट्टी लागली की ये लवकर. विहीणबाईंनाही मी इकडेच बोलावलं आहे, मांजरीची गोष्ट त्या इथंच सांगतील, मी ऐकेन. पण आधी दारव्ह्याला उतरायचं, वणी नंतर. आणि झोपायचं माझ्याजवळ. लवकर ये गं माय.