सहाची चौकट

वृद्धाश्रमात आईच्या खाटेशेजारी भिंतीवर एक तक्ता लावलेला आहे. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, पाणी पाजायचं आणि त्या वेळेच्या चौकटीत लिहून सही करायची. काल सकाळी अकराला मी गेले, तेव्हा संध्याकाळी सहापर्यंतच्या सगळ्या चौकटी भरलेल्या होत्या. सहाच्या चौकटीत होतं, ‘पाणी प्यायल्या. शांत आहेत.’

मी घड्याळ पुन्हा पाहिलं.

आईचं सगळं करणाऱ्या सुमनताईंना विचारलं. चादरीची घडी घालत त्या म्हणाल्या, “बारा जणी आहेत माझ्याकडे. दुपारनंतर हात मोकळा नसतो, म्हणून सकाळीच लिहून ठेवते. पण काम चुकवत नाही हो मी.”

मी कोणत्या तोंडाने रागावणार? मी शाळेत शिकवते. तपासणी आली की मुलांच्या नोंदी मीही आधीच लिहून टाकते. एकदा एका मुलीच्या नावापुढे ‘आनंदी, नियमित’ लिहिलं, आणि ती आठवडाभर शाळेतच आली नव्हती. का आली नाही, हे विचारायचंही मला सुचलं नव्हतं. कागद भरला होता ना.

आई डोळे मिटून पडली होती. मी स्टूल ओढून बसले आणि तिची छाती वरखाली होतेय ना, तेवढंच बघत राहिले.

सहाला सुमनताई खरंच पाणी घेऊन आल्या. चमचा ओठांना लावला. आईने गिळलं नाही. पाणी गालावरून उशीवर ओघळलं. पुन्हा लावला, पुन्हा ओघळलं.

सुमनताईंनी तक्त्याकडे पाहिलं. तिथे आई पाणी प्यायली होती.