टँकरवरचं नाव

लहानपणी मी बोलताना अडखळायचो. आटपाडीकडच्या आमच्या शाळेत भूगोलाच्या तासाला गुरुजींनी मला उभं केलं आणि उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या नदीचं नाव विचारलं. उत्तर येत होतं, पण "मि... मिसि... मिसिसि..." याच्या पुढं जीभ सरकेना. मागच्या बाकावरून गावातल्या बड्या बागायतदाराच्या पोरानं माझी हुबेहूब नक्कल केली. वर्ग हसला. गुरुजीही हसले.

तेव्हापासून मी गावाचा मिसिसिपी झालो. माझ्या लग्नात, अक्षता पडत असताना, तोच बागायतदाराचा पोरगा मांडवात ओरडला, "मिसिसिपीचं लगीन झालं रं!" सासरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. बायकोनं मान खाली घातली. ती मान मी विसरलो नाही.

पुढं मी पाण्याचे टँकर घेतले. मुलीनं एकदा मोबाईलवर वाचून सांगितलं, "आप्पा, त्या नदीकाठच्या मूळच्या लोकांच्या भाषेत मिसिसिपी म्हणजे मोठी नदी." मी पेंटरला बोलावलं आणि प्रत्येक टँकरवर ते नाव हातभर अक्षरांत लिहून घेतलं.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या बागायतदाराच्या पोराची बोअर आटली. डाळिंबाची बाग सुकायला लागल्यावर त्याचा फोन आला.

"गड्या, एक गाडी पाठीव. बाग जळाय लागलीया."

"कंची गाडी?"

"तुझीच की."

"नाव काय हाय तिच्यावर?"

तो हळूच म्हणाला, "मिसिसिपी."

"ऐकू येईना. मोठ्यानं बोल."

फोनवर मागं त्याच्या शेतातल्या मजुरांचा गलका ऐकू येत होता. त्यांच्यादेखत त्यानं ते नाव ओरडून सांगितलं. मग मी शांतपणे म्हणालो, "आधी वाड्यावस्त्यांचं पिण्याचं पाणी. मग शेळ्या-मेंढ्या. तुझा नंबर शेवटी."

गाडी गेली तोवर निम्मी फळं गळून पडली होती. ड्रायव्हर आल्यावर मी त्याला खोदून खोदून विचारलं, झाडाखाली किती सडा पडलाय, मालकाचं तोंड कसं झालंय. जेवताना बायको म्हणाली, "आवं, आता तरी सोडा की. झालं न्हवं मनासारखं?"

"न्हाई," मी म्हणालो. "अजून निम्मी झाडावर हायत."

ती उठून चुलीकडं गेली. मला मात्र त्या दिवशी भाकरी लय गोड लागली.