पालखीपुढचा थेंब

पूर्णगडचा धाकू तांडेल शिंकला की शेजारच्या कोंबड्या दचकायच्या. आता तो शिंक आली की आ वासून बसतो. नाक चिमटीत धरायचं नाही, शिंकरायचं तर नाहीच. माघात त्याच्या मेंदूखालची गाठ डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून काढली आणि राहिलेलं भोक मांडीतल्या चरबीने बुजवलं. "गाठ मोठी होती, तुमचं वजन जास्त, त्यात जुना खोकला. बूच सुटण्याचा धोका तुम्हाला इतरांहून जास्त आहे," ते म्हणाले. "उचलायचं नाही, कुंथायचं नाही, वाकायचं नाही. नाकातून नितळ पाणी आलं तर ते मेंदूभोवतालचं, तडक या."

धाकू गडी भित्रा नव्हे. पण इस्पितळात शेजारच्या खाटेवर असलेला बुरोंडीचा बाबू त्याच्या मानगुटीवर बसला होता. तशाच ऑपरेशननंतर बाबूच्या नाकातून पाणी यायचं. बाहीने पुसून तो हसायचा, "सर्दी हाय, दुसरा काय." मग ताप चढला, मान ताठली, आणि एका सकाळी खाट रिकामी झाली. तेव्हापासून धाकू उठल्याबरोबर उशी चाचपतो. जेवताना बाबू ओल्या बाहीनिशी पानाशेजारी येऊन बसलाय, असं त्याला वाटतं.

शिमग्यात पालखी दारात आली. दरसाल दारापुढच्या या खळ्यात ती धाकूच्या खांद्यावर नाचायची. ढोल लागला तसे त्याचे खांदे शिवशिवले. "तांडेलानू, निदान हात तरी लावा," पोरं म्हणाली. धाकू मागे सरला. गोदाने, त्याच्या बायकोने, सुटकेचा श्वास टाकला. नवऱ्याने पथ्य पाळलं, एवढ्यातच तिला देवी पावली.

पालखी पाटावर टेकली आणि गुरव गाऱ्हाणं घालू लागला. धाकू गुडघ्यांवर बसला आणि जन्मभर करत आला तसा कपाळ भुईला लावून मोकळा झाला. देवीला नमस्कार करणं म्हणजेही वाकणं, हे ना त्याच्या डोक्यात आलं, ना गोदाच्या.

सारवलेल्या भुईवर एक नितळ थेंब पडला. मग दुसरा.

"आये, तू राखलंस याला," गुरव म्हणत होता. "होय महाराजा," लोक म्हणाले.

धाकूने थेंब पाहिले. घाम म्हणून पुसून टाकावं, सणाचा विरस कशाला, असं त्याच्या मनात आलं आणि हात आपसूक नाकाकडे गेला. बाहीची कड ओठाला लागली, तसा बाबू डोळ्यांपुढे आला, हसत. धाकूने हात खाली घेतला. नाक तसंच गळू देत तो उठून बसला.

"गोदे," तो म्हणाला, "सर्दी नाय ही. गाडी बोलाव."