टोनी सॅटिनच्या जँडल्स

तीन मराठी माणसं, एक किटली आणि फार्मसीची मागची खोली, एवढं जमलं की किस्से साचणारच. आमच्याकडे तर इतके साचले की नलूताई म्हणायची, "अगं, औषधांपेक्षा गप्पांचाच स्टॉक जास्त आहे तुझ्याकडे!"

ऑकलंडच्या दक्षिणेकडचं हॉस्पिटल, नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी ठाण्याची, फार्मसिस्ट. नलूताई नाशिकची, वॉर्डात सिस्टर. आणि पुण्याचे डॉक्टर पेंडसे, कान-नाक-घसा. यातले निम्मे किस्से डेसचे आहेत. सांगायला घेतले की हसू येतं, आणि थोड्या वेळाने नाही येत.

*

डेस आमचा ऑर्डर्ली, म्हणजे पेशंटच्या ट्रॉल्या ढकलणारा. पण शनिवारी मोठी हॅट, टोकदार बूट, गळ्यात गिटार, आणि स्वारी पापाटोएटोच्या क्लबात कंट्री गाणी गायला हजर! मेंढ्या, ट्रक आणि सोडून गेलेली बायको, असे त्याचे विषय. त्याची स्वतःची बायकोही सोडून गेली होती, त्यामुळे तो विषय जरा जास्तच रंगायचा.

एकदा आम्ही तिघं ऐकायला गेलो. तिथली पद्धत अशी की गाणं संपेपर्यंत सगळे चिडीचूप. पण नलूताईला ते कुठलं जमतंय! डेसने असा काही सूर लावला की ही बया मांडीवर थाप मारून ओरडली, "क्या बात है!"

डेस गाता गाता थांबला. घाबरून म्हणाला, "कुणाला काही झालं का? इथे नर्स आहे का कोणी?"

"मीच आहे नर्स! तू गा रे!"

*

डेसची मुलगी ट्रेसी, सोळा-सतराची. घरात दोघंच. शाळेच्या जत्रेत हा हौसेने हॅट-बूट घालून गायला आणि तिच्या मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. झालं! तेव्हापासून घरात गिटार वाजली की तिच्या खोलीचं दार धाडकन बंद, कानावर वॉकमन.

"बोलते ना माझ्याशी," डेस म्हणायचा. "दूध संपलंय, डेअरीत जाऊन आण, असं बोलते." तिकडे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. तो हसत सांगायचा, पण चहा तसाच गार व्हायचा त्याचा. मला त्या पोरीचा असा राग यायचा म्हणून सांगू!

*

आणि मग या पठ्ठ्याने काय करावं? टाकानिनीतल्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये जाऊन चक्क पॉप गाणं रेकॉर्ड केलं! आवाज वरच्या पट्टीत, नाव टोनी सॅटिन.

"सॅटिन?" नलूताई किंचाळली. "शी! परकराचं कापड ते!"

डेसची एक खोड होती. घरी असो की क्लबात, टाच आपटल्याशिवाय त्याला गाताच यायचं नाही. बुटांची धाडधाड माइकमध्ये यायला लागली तेव्हा मित्राने बूट काढायला लावले आणि डेसच्याच गाडीतल्या जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर्स, घालायला लावल्या. तरी कडव्याच्या शेवटी आपलं फट-फट चालूच. शेवटी मित्र वैतागून म्हणाला, "राहू दे बाबा. टाळीसारखं वाटतंय."

*

तिथल्या एका छोट्या रेडिओ स्टेशनवर ते गाणं लागलं. आठवड्याभरात डेस ट्रॉलीसकट फार्मसीच्या दारात! नशीब, ट्रॉलीवर पेशंट नव्हता.

"ट्रेसीने ते रेडिओवरून टेप केलंय! परत परत ऐकते! आणि म्हणते, ते फट-फटच सगळ्यात भारी आहे!"

"मग सांगून टाक की तिला," पेंडसे म्हणाले.

"आणि तिने परत दार लावलं तर? नो वे, मेट. घरात माझं कोणीतरी ऐकतंय. असू दे ते टोनीच्या नावावर."

आम्हाला त्याने शपथ घातली. तो गेल्यावर मला रडूच आलं.

*

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत हॉलची टेबलं उचलायला डेस यायचा. त्या वर्षी आरती झाल्यावर मुलांनी टोनी सॅटिन लावला आणि सगळी नाचायला लागली. माझे चिरंजीव डेसला सांगतात, "हा टोनी हीप्स बेटर, खूपच भारी आहे हं, तुझ्या त्या काउ-साँग्जपेक्षा!"

मी डोळे वटारले. डेस मात्र हातात मोदक धरून गंभीरपणे म्हणाला, "खरंय. मला कुठलं असं यायला!"

*

मग त्याचा आवाज बसला. हा माझ्याकडून घशाच्या गोळ्या नेतोय, नेतोय. शेवटी मीच ओरडले, "आता एकही गोळी मिळणार नाही. आधी पेंडशांना घसा दाखव!"

दाखवला. त्या दिवशी पेंडसे मागच्या खोलीत येऊन नुसते बसून राहिले. चहासुद्धा घेतला नाही. मग म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागणार."

एरवी आमच्या त्या खोलीत एकाचं बोलणं दुसऱ्याला पुरं करू द्यायची पद्धत नव्हती. त्या दिवशी पेंडशांचं वाक्य पुरं झालं, आणि नलूताईने उठून किटली बंद केली.

*

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ट्रेसी भेटायला येणार होती. आम्ही तिघांनी डेसला बजावलं होतं, आज तिला सांगच. स्वतःच्या आवाजात सांग, उद्यापासून तो नाही. त्याने मानही हलवली होती.

ती आली. नलूताई पडद्यामागे उभी, मी तिच्यामागे. डेस घसा खाकरून म्हणाला, "ट्रेसी..."

"काय, डॅड?"

"मांजराला खायला घातलंस ना?"

"अरे, बोल ना मेल्या!" नलूताई पडद्यामागून मराठीत पुटपुटली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

डेसचे शेवटचे शब्द ते. मांजराचे.

*

ऑपरेशननंतर बरेच दिवस ट्रेसी यायची, शेजारी बसायची. तो बोलू शकत नव्हता, आणि तिला सवय नव्हती.

एका दुपारी मी वॉर्डात औषधं द्यायला गेले होते. ट्रेसी शाळेच्या युनिफॉर्ममध्येच आली. डेसला नुकतंच उठवून पलंगाच्या कडेला बसवलं होतं. तिने दप्तरातून वॉकमन काढला, आत ती रेडिओवरून केलेली टेप, आणि तो त्याच्या कानांवर चढवला. डेसचा चेहरा पांढराफटक! त्याने आधी नलूताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघींनी जोरजोरात माना हलवल्या. आम्ही नव्हतं सांगितलं!

ट्रेसीने दप्तरात परत हात घातला आणि त्याच्या झिजलेल्या जँडल्स बाहेर काढल्या. खाली बसून एकेक करून त्याच्या पायांत घातल्या. वॉकमनचं बटण दाबलं.

"कम ऑन, टोनी," ती म्हणाली.

 गाणं डेसच्या कानात होतं, आम्हाला काही ते ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने पलंगाखालून ऐकू आलं ते एवढंच.

फट-फट.