जीपमधलं वाढणारं ब्रेक ऑइल

माझ्या सासऱ्यांची जीप माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि घरात तिचा मानही जास्त आहे. घणसोली गावात दोन टॉवरांच्या मधे आमचं जे अंगण उरलंय, त्यात पत्र्याच्या शेडखाली ती उभी असते. मी सून म्हणून आले सोलापूरकडून, नोकरी ऐरोलीला, आणि खोड एकच: एखादी गोष्ट कशी चालते ते कळलं नाही की मला चैन पडत नाही. सासूबाई त्याला नसत्या चौकशा म्हणतात.

मागच्या थंडीत देवळाजवळच्या उतारावर बाबा, म्हणजे माझे सासरे, समोरची रिक्षा वळायची वाट बघत थांबले होते. थांबलेली जीप हळूहळू पुढे सरकली आणि शेजारच्यांच्या गेटवर जाऊन टेकली. कुणाला खरचटलंही नाही. गेट तेवढं वाकलं.

"माजा पाय ब्रेकवच होता," बाबा सांगत राहिले.

माझ्या नवऱ्याने ऐकून घेतलं आणि किल्ली कपाटात ठेवली. "बाबा, आता वय झालं तुमचं. पाय घसरला असेल, लक्षात नाही आलं."

बाबा भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते भांडले नाहीत. रोज सकाळी जीप काढून मासळी आणायला जाणारा माणूस ओट्यावर बसून राहू लागला. कुणी विचारलं तर म्हणायचे, "नाय चालवीत आता." आपला पाय खरंच कुठे होता, याची त्यांना स्वतःलाच शंका येऊ लागली होती आणि ते मला बघवत नव्हतं.

एका रविवारी मी किल्ली काढली. त्यांची कड घ्यायची म्हणून काढली असं म्हणणं खोटं ठरेल. मला प्रश्न पडला होता, एवढंच. सीटवर बसले, ब्रेक दाबला. आधी तो घट्ट लागला. मी पाय तसाच दाबून ठेवला, तर खाडीच्या चिखलात रुतावा तसा तो पेडलसकट सावकाश खाली जाऊ लागला, थेट तळाला.

"बाबा, हा ब्रेक खाली जातोय."

ते ओट्यावरून उठले, स्वतः बसून दाबून बघितला, मग पुन्हा एकदा दाबला. "मंग? मी काय सांगत होतो?" एवढंच म्हणाले.

जुन्या गाड्यांचा एक मेकॅनिक जुईनगरहून स्कूटरवर आला. मी त्याच्या डोक्यावरच उभी राहिले. ब्रेक दाबला की ज्या नळकांड्यातून तेल चाकांकडे रेटलं जातं ते मास्टर सिलिंडर. आमच्या जीपमध्ये ते ड्रायव्हरच्या पायाखाली, तळाच्या पत्र्याच्याही खाली बसवलेलं, आणि तेलाची टाकी त्याच्याच डोक्यावर. तेल बघायचं तर मॅट उचलून पत्र्यातलं छोटं झाकण काढायचं.

"तेल कदी कमी झालाच नाय," बाबा म्हणाले. "उलटा वाडत होता."

"काका, ब्रेक ऑइल वाढत नसतं," मेकॅनिक हसला. मग टाकी उघडली आणि त्याचं हसू गेलं. काठोकाठ भरलेली होती, आणि तेलाचा रंग फुटलेल्या चहासारखा. सिलिंडर खोलला तर आत गंज, रबरी वायसर खाल्लेले. "पाणी गेलंय आत."

कुठून? वर शेड आहे. वॉशिंग सेंटर या गाडीने कधी पाहिलेलं नाही. मेकॅनिकने खांदे उडवले. "जुनी गाडी आहे वहिनी, होतं असं." हे असलं उत्तर मला अजिबात चालत नाही. तो सिलिंडर साफ करायला घेऊन गेला आणि मी पाणी कुठे मुरतंय याचा विचार करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन पायरीवर बसले होते. सासूबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि जिथे ड्रायव्हरचे पाय येतात तिथे तांब्यातलं पाणी ओतलं. हे मी लग्न झाल्यापासून रोज बघत होते. त्यांचं माहेर कोळ्यांचं; होडी निघायच्या आधी तिच्यावर पाणी घालायची त्यांच्या आईची रीत. बाबांनी होडीऐवजी जीप आणली, म्हणून पाणी जीपला. गेटवर टेकल्यापासून तर जीप जागची हलत नसतानाही त्या एकाऐवजी दोन तांबे घालत होत्या.

पाणी वाहत त्या छोट्या झाकणापाशी गेलं आणि खाली उतरलं, बरोबर तेलाच्या टाकीचं तोंड येतं तिथे. झाकणाचं रबर कधीच गळून पडलं होतं.

मी मोठ्या फुशारकीने बाबांच्या कानात सांगितलं. त्यांनी सासूबाई आत गेल्याची खात्री केली. मग म्हणाले, "तिला नको सांगू गो."

"पण बाबा, पाणी जातच राहिलं तर..."

"मी घरी परत येवा म्हनून घालते ती. त्याच पान्यानं गाडी ठोकली, ह्या कसा सांगू तिला?"

मेकॅनिक नवे वायसर घातलेला सिलिंडर घेऊन आला तेव्हा आम्ही त्याला पाण्याचं हळूच सांगितलं. तो म्हणाला, नवीन रबर लावा, नाहीतर पाणी घालणं थांबवा, दोन्ही सोपं आहे. बाबा म्हणाले, रबर लाव, पन तेलाची टाकी वर घे. मग त्याने पायाखालची टाकी बंद केली, तेलाची नवी बाटली बॉनेटखाली इंजिनच्या बाजूला बसवली आणि तिथून जाड पाइप खाली सिलिंडरपर्यंत आणला. ब्रेकमधली हवा काढताना पेडल मी मारलं. "दाबा, धरा, सोडा," तो चाकापाशी झोपून सांगत होता. हळूहळू पायाखाली कडकपणा येत गेला आणि मला विलक्षण आनंद झाला.

नवऱ्याला सांगितलं, वायसर गेले होते. त्याने स्वतः बसून ब्रेक दाबला, खूप वेळ दाबून धरला. मग उतरला आणि किल्ली बाबांच्या हातात ठेवली. "सॉरी बाबा," म्हणाला आणि तोंड धुवायला आत गेला.

बाबा मासळी आणायला निघाले तेव्हा सासूबाई त्यांच्या शेजारी चढून बसल्या. जीप सुरू झाल्यावर बाहेर वाकून मला म्हणाल्या, "बग, मी पानी घालीत रायले म्हनून सुदारली ही. तुमी नुसत्या चौकशा करा."

मी बाबांकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

"तर काय," ते म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला. मला त्या दोघांचा हेवा वाटला.