घरीच असते

माझ्या लेकीने, सुमनने, तिच्या सत्कारात मला दिलेल्या लुगड्याच्या खळीचा वास आला आणि आमच्या लोधीपुरा मोहल्ल्यातली ती दुपार आठवली. राज्यांची फेररचना होऊन बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिल्यावर आमच्याजवळचा मराठी वर्ग बंद झाला होता. मी विणकरांच्या कांड्यांवर सूत भरत सुमनला घरीच शिकवायचे. चरख्याच्या तालावर ती पाढे म्हणायची.

"बाई, सूत ढिलं भरलंय. मजुरी कम मिळेल," त्या दुपारी सूत न्यायला आलेला व्यापाऱ्याचा मुनीम म्हणाला.

"ढिलं? हात लावून बघा! पुरी मजुरी ठेवा, मगच टोपली उचला."

त्याने पुरी मजुरी मोजून ठेवली. त्या मजुरीतूनच सुमनची पुस्तकं यायची.

तेवढ्यात हे पाहुण्यांना घेऊन आले. "ही काय, घरीच असते," म्हणून हसले. सुमन ऐकत होती.

काल सत्काराच्या भाषणात शिक्षिका सुमन म्हणाली, "बाबांनी मला घडवलं. आई घरीच असायची."

पाढ्यांबरोबर तिने तेही पाठ केलं होतं.