सावडायला आलेली आठ माणसं

मी कडेगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो. आठ वर्षांपूर्वी मला फळ्यावर सरळ रेघ काढता येईनाशी झाली. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं, दार लोटून घेतलं आणि खाली बघत म्हणाले, "सर, तुमचे तास सध्या पीटीला देतोय. हात थांबला की परत घ्या." हात थांबायचा, पण त्यासाठी सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागायची. हे त्यांना कसं सांगणार?

कराडला दर रविवारी दुपारी दारू सोडलेल्यांची बैठक भरते, हे माझ्या बायकोनं कुठून तरी शोधून काढलं. एका प्राथमिक शाळेचा वर्ग होता. दोन रविवार मी फाटकापासून माघारी फिरलो. तिसऱ्या रविवारी पायरीवर एक म्हातारा बसलेला. ताठ पाठ, पांढऱ्या मिशा.

"दोन रविवार बगतोय तुमाला," तो म्हणाला. "आत कुणी मारत न्हाई. बाकडी तेवढी बारक्या पोरांची हाईत, गुडघं दुखत्यात."

हे सुभेदार. औंधजवळच्या खेड्यातले, फौजेतून निवृत्त झालेले. दारू सोडून त्यांना तेव्हा चार वर्षं झाली होती. आत कापडाचा एक व्यापारी होता, साखर कारखान्यातला फिटर होता, एक नर्सबाई होत्या, आणखी काही जण. सगळे गुडघे दुमडून त्या बाकांवर बसलेले. नियम एकच होता. इथं बोललेलं इथंच ठेवायचं.

मी पहिले दोन महिने तोंड उघडलं नाही. सुभेदारांनी माझा नंबर घेतला आणि रोज सकाळी फोन करायला लागले.

"मास्तर, काय परिस्थिती?"

"अवघड आहे."

"जेवणापर्यंत दम काढा. जेवला की मला फोन करा. मग चारपर्यंतचं बगू."

असं दिवसाचे तुकडे करत त्यांनी मला एक वर्ष काढायला लावलं. त्या वर्षात मी दोनदा घसरलो. दोन्ही वेळा ते एसटीनं कडेगावला आले. रागावले नाहीत. आमच्या ओट्यावर बसून चहा घेतला, माझ्या बायकोला म्हणाले, "पोरी, तू जरा झोप काढ, मी हाय हितं," आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत माझ्यासमोर बसून राहिले. पुढच्या जूनमध्ये मला माझे तास परत मिळाले.

बैठकीत सुभेदार स्वतःबद्दल फारसं बोलत नसत. एकच गोष्ट मात्र वर्षातून एक-दोनदा सांगायचे, आणि दर वेळी त्याच जागी थांबायचे. मग कुणीतरी पाणी द्यायचं.

त्यांनी दारू सोडली, पण उशिरा सोडली. यकृत तोवर गेलेलं होतं. गेल्या हिवाळ्यात पोटात पाणी झालं, बैठकीला येणं बंद झालं, आणि एका सकाळी त्यांच्या नंबरावरून त्यांच्या बायकोचा फोन आला. "ह्यांच्या फोनवर तुमचा नंबर सगळ्यात वर हाय, म्हून केला. काल गेलं."

तिसऱ्या दिवशी सावडायला आम्ही आठ जण जीप करून गेलो. राखेवर दूध-पाणी शिंपडून लोक हात धूत होते. गावकरी आमच्याकडे बघत होते. पोट सुटलेला व्यापारी, नर्सबाई, मी. एका आजोबांनी विचारलंच, "पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

व्यापारी हात धुवायला पुढं झाला.

"पलटणीतलं काय?" आजोबांनीच पुढं विचारलं.

"व्हय," फिटर म्हणाला. आजोबांनी नर्सबाईंकडे एकदा नीट पाहिलं, पण पुढं काही विचारलं नाही.

स्मशानातून सुभेदारांच्या घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं मला घरामागच्या परड्यात बोलावलं. बाई साठीच्या. एका हातानं कुंपणाचा बांबू धरून उभ्या होत्या.

"भाऊ, तुमी पलटणीतलं न्हाई, ठावं हाय मला. रविवारी कराडला तुमच्यात बसून ते माझ्याविषयी काय बोलायचं?"

"काकी, तिथलं बाहेर सांगत नाहीत."

"आता कुणाचं राहिलंय झाकायचं?"

मी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं. मग सांगितलं. सुभेदार सुट्टीवर आले होते. जत्रेच्या दिवशी यमाईच्या डोंगराच्या पायऱ्यांवर पिऊन भांडत होते. बायको पोटुशी होती. त्यांनी ढकललं. ती पडली आणि मूल गेलं. हे सांगून ते थांबायचे.

काकी खाली बसल्या. पदर तोंडाशी धरला, पण रडल्या नाहीत.

"मी समद्यास्नी पाय घसरला म्हून सांगितलं," त्या म्हणाल्या. "सासूला, आईला. अन् ह्यांस्नीबी. शुद्धीत न्हवतं, त्यांस्नी काय आठवतंय, असं वाटायचं. कशाला जिवाला घोर लावायचा." थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हंजी ठावं हुतं त्यांस्नी. पस्तीस वरसं."

आतून कुणीतरी त्यांना हाक मारली. त्या उठल्या, मला म्हणाल्या, "जेवून जावा समदी," आणि आत गेल्या. आम्ही जेवलो. त्यांनी स्वतः वाढलं. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही.

मी बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही. पुढच्या रविवारी नियम मोडल्याचं मी बैठकीत कबूल केलं. कुणी दोष दिला नाही, कुणी शाबासकीही दिली नाही. व्यापाऱ्यानं डोळे पुसले. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून बायकोला सांगायची वाक्यं मनात जुळवत आलो.

बायको स्वयंपाकघरात पावट्याच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसलो आणि एका दिवसाचं बोलायला लागलो. तिच्या वडिलांच्या तेराव्याला मी पिऊन गेलो होतो आणि पाहुण्यांसमोर पंगतीत पडलो होतो.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तिथं मीच होते की."

मग शेंग सोलता सोलता तिनं मला त्या दिवसाचं तिच्या बाजूनं सांगितलं. आईनं तिला काय विचारलं, मला कुणी उचललं, ती कुठल्या खोलीत जाऊन बसली होती. त्यातल्या निम्म्या गोष्टी मला आठवतच नव्हत्या. पंगतीतून उठवताना मी तिच्या आईला शिवी दिली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.